'मावळे कुठे बूट घालून चढले?' या मेसेजला उत्तर

पाऊस सुरू झाला की एक मेसेज ग्रुपांवर फिरू लागतो. सारांश असा: पहिला ट्रेक आहे ना, मग काही विकत घेऊ नका, मावळे कुठे बूट घालून गड चढले? जीन्स घाला, काटे लागत नाहीत. पाण्याची एक बाटली पुरे, वाटेत झरेच झरे. पावसाला छत्री, अंधाराला मोबाइल.

पहिल्या ट्रेकसाठी हजारो रुपये घालवू नयेत, एवढं मला मान्य आहे. बाकीचं वाचून दरवर्षी काळजी वाटते, कारण हा मेसेज नेमका नवख्यांपर्यंत जातो. कळसूबाईच घेऊ. बरेच जण सुरुवात तिथूनच करतात.

आधी मावळे. ज्यांचा जन्म डोंगरात गेला त्यांच्या तळव्यांशी आपली बरोबरी कशी होणार? पायथ्याच्या बारी गावातल्या माणसांच्या ती वाट रोजच्या पायाखालची. आपण फरशीवरून तिथे जातो. पावसात कातळावर शेवाळ धरतं, त्यावर गुळगुळीत तळाचा बूट टिकत नाही. महागडा नको, पण खोल खाचांचा रबरी तळ हवाच. सह्याद्रीत 'अ‍ॅक्शन ट्रेकिंग'चे साधे बूट वर्षानुवर्षं चालत आले ते याच पकडीमुळे. माळ्यावर पडून राहिलेला जुना जोड काढणार असाल तर आधी तळ ओढून बघा. सुकलेला गोंद पहिल्याच ओढ्यात सुटतो. नवा असेल तर आठवडाभर घरच्या जिन्यावर चढ-उतार करा. उतरताना अंगठ्याचं नख पुढे ठेचलं, तर बूट आखूड आहे.

जीन्सबद्दल मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. जाड सुती कापड पाणी पितं आणि सोडत नाही. गुडघ्याला चिकटलेली ओली जीन्स घेऊन कळसूबाईच्या वाटेतल्या लोखंडी शिडीवर पाय उचलून बघा, मग कळतं. शिखर 1646 मीटरवर आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण 6 अंशांनी उतरतं, म्हणजे मुंबईपेक्षा तिथे आठ-दहा अंश कमी, वर भन्नाट वारा. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओले कपडे अंगातली ऊब भराभर ओढून घेतात. एकदा माथ्यावर एका मुलाचे दात इतके वाजत होते की त्याला बिस्किटाचा पुडा फोडता येईना. सुती टीशर्ट, जीन्स, आणि बदलायला काही नाही. आम्ही आमचे कोरडे कपडे त्याला घातले. घरातली पॉलिस्टरची ट्रॅक पँट आणि क्रिकेटची पूर्ण बाह्यांची जर्सी पुरते, काट्यांसाठीसुद्धा. एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकमध्ये ठेवा.

झऱ्यांचं म्हणाल, तर वरच्या पठारांवर गुरं चरतात आणि ते सगळं पाणी त्याच ओढ्यांत उतरतं. माणशी दोन-अडीच लिटर घरून न्या. पावसात तहान लागत नाही पण घाम जातोच, पोटऱ्यांत गोळेही येऊ शकतात. एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घातलं की काम होतं. सोबत गुळपोळी किंवा दशमी, भिजली तरी खाता येते.

छत्री डोंगरधारेवरच्या वाऱ्यात उलटी होते आणि शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. भाताची लावणी करणाऱ्या बाया इरलं पाठीवर घेत आल्या तेही हात मोकळे राहावेत म्हणूनच. टोपीवालं जाकीट घ्या. पोंचो नको, पायाखालची पायरी झाकून टाकतो.

आणि मोबाइल. दिवसभर फोटो काढून, भिजून तो संध्याकाळी बंद पडतो, आणि ढग उतरले की जुलैतही साडेसहालाच अंधारून येतं. डोक्याला बांधायची बॅटरी दोन-तीनशे रुपयांत मिळते. पहिल्या ट्रेकसाठी एकच वस्तू विकत घेणार असाल, तर बुटांनंतर तीच घ्या, आणि तिचे सेल निघायच्या आदल्या रात्री बदला.