नागपूरच्या उन्हाळ्यात सेन्सरची कसोटी

मधपेटीतील हवेच्या वासावरून मधमाश्यांचे रोग ओळखणाऱ्या वायू-सेन्सरवरील एक लेख आस्थेने वाचला. अमेरिकन फाउलब्रूड या अळ्या कुजवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाने मेलेल्या अळ्यांची दुर्गंधी माणसाच्या नाकाला जाणवेपर्यंत फार उशीर झालेला असतो, म्हणून हे उपकरण मला मोलाचे वाटते. मात्र अशा उपकरणांतील धातू-ऑक्साइडचे सेन्सर (वायूच्या संपर्कात ज्यांचा विद्युतरोध बदलतो) तापमानाने आणि आर्द्रतेनेही विचलित होतात, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की अळ्यांचा भाग ३५ अंशांच्या आसपास राखण्यासाठी माश्या पाणी आणून पंखांनी वारा घालतात, त्यामुळे पेटीतील आर्द्रताच बदलते. शिवाय आंबिया बहरात संत्र्याच्या फुलांचा गंध असतो तो वेगळाच. निरोगी पेटीतील सेन्सरची नोंद प्रत्येक ऋतूत स्वतंत्रपणे घेतल्याशिवाय त्याच्या इशाऱ्यावर विसंबू नये, आणि इशारा मिळाल्यावरही काडी खुपसून मेलेल्या अळीची चिकट तार निघते का (ती या रोगाची खूण), हे पाहावेच.