सभा खुली, पण विषय आयत्या वेळचे

महापालिकेची सर्वसाधारण सभा कुणालाही जाऊन बघता येते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. ज्यांना माहीत असतं त्यांनाही वाटतं की ही नगरसेवकांची मेहेरबानी आहे, ओळखीने पास मिळाला तर गॅलरीत बसायचं. तसं नाहीये. मुंबईचा १८८८ चा कायदा घ्या, नाहीतर बाकीच्या महापालिकांचा १९४९ चा घ्या, दोन्हीकडे स्वच्छ लिहिलंय की प्रत्येक सभा लोकांसाठी खुली असेल. दारं लावून घ्यायची असतील तर हजर नगरसेवकांनी बहुमताने तसं ठरवावं लागतं. गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढता येतं, निमूट ऐकणाऱ्याला नाही.

मग तक्रार कसली? तक्रार गॅलरीची नाहीच. तक्रार विषयपत्रिकेची आहे.

मी काही वर्षं वार्ताहर म्हणून एका महापालिकेचं बीट सांभाळलं, म्हणजे तिथल्या बातम्या द्यायचं काम केलं. शहराचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी निघाली पाहिजे, तिच्यात वेळ, जागा आणि कोणते विषय येणार ते असलं पाहिजे, असा नियम. नोटीस निघायचीही वेळेवर. चौकाला नाव देणे, कुठल्याशा ठेक्याला मुदतवाढ, एखादा भूखंड भाड्याने. आम्ही ते वाचून, जुन्या फायली चाळून जायचो. सभा सुरू झाली की पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचत कुणीच नाही, कायम मात्र होतं. मग कुणीतरी नामवंत वारलेले असायचे. दोन मिनिटं उभं राहायचं, श्रद्धांजली वाहायची आणि सभा तहकूब.

तहकुबी हा दिसायला शोकाचा आणि वापरायला फार सोयीचा प्रकार आहे. सात दिवसांच्या नोटिशीचं बंधन तहकूब सभेला नाही. म्हणजे ज्या तारखेसाठी नागरिक सुट्टी टाकून येणार, त्या दिवशी काही होत नाही. आणि जेव्हा होतं तेव्हा गॅलरी रिकामी. मृत व्यक्तीबद्दल आदर असावाच, पण दोन मिनिटं उभं राहून कामाला लागलं तर तो कमी होतो असं मला वाटत नाही.

खरी गंमत सभेच्या शेवटी. आयत्या वेळचे विषय. काही ठिकाणी त्यांना जादा विषय म्हणतात. नोटिशीत नसलेलं तातडीचं काम सभेपुढे आणायला कायद्यात वाट आहे, आणि ती असायलाच हवी. पूर आला तर सात दिवस थांबून कसं चालेल? पण त्या वाटेवर फाटकही आहे: हजर सदस्यांपैकी किमान तीन-चतुर्थांशांची संमती. मी ती संमती मोजली गेलेली कधी पाहिली नाही. सचिव विषय क्रमांक पुटपुटतात, बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ येतं, पुढचा क्रमांक. गॅलरीत बसलेल्याला विषय कळत नाही, फक्त तो मंजूर झाला एवढं कळतं. दुसरी वाट उपसूचनेची, म्हणजे मूळ प्रस्तावात सुचवलेल्या बदलाची. मूळ विषय उद्यानाचा, उपसूचना रस्त्याच्या रुंदीची. सूचक आणि अनुमोदक अशा दोन सह्या असल्या की झालं. ठरावाचा नेमका मजकूर बाहेर येतो तो पुढे कधीतरी इतिवृत्तात, आणि ते इतिवृत्त आपण वर पाहिलं तसं न वाचता कायम होतं.

यावर काही जण म्हणतील, चुकीचा ठराव झाला तर शासन आहे ना. आहे. महापालिकेच्या ठरावाला १९४९ च्या कायद्यातल्या कलम ४५१ खाली शासन स्थगिती देऊ शकतं, तो विखंडित म्हणजे रद्द करू शकतं. नगरपालिकांच्या बाबतीत कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार आहेत. पण ही वरून होणारी दुरुस्ती झाली. ती कधी होते आणि कधी होत नाही, हे राजकारण बघणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको. मला ज्या गल्लीत राहायचंय तिथल्या रस्त्याचा ठराव मला सभेआधी वाचायला मिळाला, तर मंत्रालयाकडे बघत बसायची पाळी येणार नाही.

कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राउन अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे. शहर परिषदेच्या नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लोकांना दिसेल असा लावायचा, आणि जे त्यात नाही त्यावर, अगदी मोजके अपवाद सोडले तर, निर्णय घ्यायचा नाही. नागरिकाला सभेत उठून बोलताही येतं. आपले सात दिवस त्यांच्या ७२ तासांपेक्षा जास्तच आहेत की! फरक एवढाच, की तिथे यादीबाहेरचं दार खरोखर बंद असतं.

बोलण्याचा विषय निघाला म्हणून. आपल्याकडे खेड्यातला मतदार शहरातल्या मतदारापेक्षा याबाबतीत श्रीमंत आहे. तो ग्रामसभेचा प्रेक्षक नसतो, सदस्य असतो, राज्यघटनेनेच तसं म्हटलंय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत सर्वसहमतीने गाव चालवून दाखवलं. सगळीकडे मेंढा नाही, कबूल. १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी तेवढीही गणपूर्ती होत नाही म्हणून तहकूब झालेल्या ग्रामसभा मीही पाहिल्यात. पण उभं राहून सरपंचाला जाब विचारायचा हक्क तरी आहे. शहरांसाठी २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांची सभा, आणली गेली. तुमच्या भागात क्षेत्रसभेची नोटीस कुणी लावलेली आठवतेय का? मला नाही आठवत.

आणि २०२२ पासून तर सभाच नव्हती. मुंबई-पुण्याची मुदत त्या मार्चमध्ये संपली आणि जवळजवळ चार वर्षं सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एकट्या प्रशासकाकडे. अंदाजपत्रक आयुक्तांच्याच यंत्रणेने तयार करायचं आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर करायचं. भांडण नाही, राजदंड पळवणं नाही, सभात्याग नाही. या काळात ‘कामं पटापट झाली’ असं म्हणणारी बरीच सुशिक्षित मंडळी मला भेटली. कुठली कामं, कुणी मागितलेली, किती रुपयांची, हे विचारलं की गप्प. ज्या सभागृहातल्या आरडाओरड्याचा आपल्याला वैताग येतो, त्यातूनच निम्म्या बातम्या बाहेर पडायच्या हे बीट केलेला कुणीही सांगेल.

जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या, सभागृहं पुन्हा भरली. म्हणून आत्ताच बोलायला हवं, सवयी पुन्हा पक्क्या व्हायच्या आत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना मिळतात का, हे कुणी न मागता जाहीर करायचं असतं. आमच्या महापालिकेच्या संकेतस्थळावर मी ते शोधलं. स्थायी समितीपुढे रकाना कोरा. कोट्यवधींच्या निविदा जिथे मंजूर होतात, कायद्याने जिची सभा दर आठवड्याला व्हायची, तिच्याबद्दल रकाना कोरा.

आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या चौघांपैकी एका ताईंकडे मी एक पानाचं पत्र घेऊन गेलो होतो. आयत्या वेळचा प्रत्येक विषय पूर्ण वाचून दाखवावा आणि संमतीचे हात मोजून आकडा इतिवृत्तात लिहावा. मूळ विषयाशी संबंध नसलेली उपसूचना घेऊ नये. ठरावाचा मजकूर त्याच आठवड्यात संकेतस्थळावर यावा. ताईंनी पत्र नीट वाचलं, चहा पाजला. म्हणाल्या, ‘काका, तुम्ही प्रस्तावाच्या भाषेत लिहून द्या, सूचक म्हणून मी सही करते. अनुमोदक मात्र तुम्हालाच शोधावा लागेल.’

प्रस्ताव लिहून झालाय. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी ‘बघू’ म्हटलंय, तिसरे फोन उचलत नाहीत.