परत नियम बदलले!
इकडे यूकेत सरकार कुणाचंही येवो, पहिला फटका व्हिसावाल्यांनाच. स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची किमान पगाराची अट वर्षाला २६,२०० पाउंड होती, पंतप्रधान सुनकच्या काळात एप्रिल २०२४ ला थेट ३८,७०० केली, मग ते हरले, लेबर पार्टीचं सरकार आलं, म्हटलं आता जरा दम खातील, तर कसलं काय, जुलै २०२५ ला ४१,७००! वर व्हिसासोबत सरकारी दवाखान्यासाठी भरायचा हेल्थ सरचार्ज आधीच वर्षाला ६२४ चा १,०३५ पाउंड करून ठेवलाय, आणि टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स पगारातून कापतातच की, म्हणजे एकाच दवाखान्याचे दोनदा पैसे. त्यात इथे कायमचं राहायची परवानगी मिळायला पाचाऐवजी दहा वर्षं करायचं काढलं. अरे मॅच चालू असताना बाउंड्री मागे सरकवतात का कोणी? आणि भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं ना, म्हणून दिवाळीला मंदिरात हीच नेतेमंडळी टिळा लावून हजर!