कालव्याच्या मोरीवरील बेंचमार्कबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपण आमच्या कार्यालयाला दिलेला एक तारा आणि त्यासोबतचा मजकूर मी दोनदा वाचला. आपल्या सोसायटीच्या भूखंडाचे तलमापन (जमिनीच्या उंचीची मोजणी) करताना आम्ही ज्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच ठरवलेल्या पक्क्या खुणेवरून, उंची घेतली, तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या यादीत शोधूनही सापडत नाही, तेव्हा तो आकडा आम्ही ऑफिसात बसून लिहिला असावा, असे आपले म्हणणे आहे. अहवाल आठ दिवस उशिरा मिळाला, ही आपली दुसरी तक्रार. उशीर झाला हे खरे आहे आणि त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. आकड्याविषयीचा आरोप मात्र मला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण याच आकड्यावर आपल्या इमारतीच्या जोत्याची उंची ठरणार आहे.

तो बेंचमार्क कालव्याच्या जुन्या दगडी मोरीच्या कठड्यावर, डाव्या टोकाकडून दुसऱ्या दगडात आहे. आम्ही गेलो तेव्हा त्यावर शेवाळ आणि चुन्याचा थर होता. तारेच्या ब्रशने घासल्यावर छिन्नीने कोरलेला चौकोन आणि त्याखाली ‘बी.एम.’ ही अक्षरे दिसू लागली. त्यांपैकी दुसऱ्या अक्षराचा खालचा भाग उडालेला आहे, पण स्टाफ (मोजणीची उभी पट्टी) जिथे टेकवायचा तो चौकोन शाबूत आहे. ही खूण कालव्याचे काम करणाऱ्या खात्याची आहे आणि तिची उंची कालव्याच्या उभ्या छेदाच्या नकाशात साखळी क्रमांकासह (कालव्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासह) लिहिलेली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या यादीत ती नाही, आणि ती तिथे असण्याचे कारणही नाही.

त्या यादीत त्या विभागाने स्वतः मोजलेल्या आणि संपूर्ण देशाच्या तलजाळ्यात (एकमेकींशी जोडलेल्या उंचीच्या खुणांच्या जाळ्यात) हिशेबाने बसवलेल्या खुणा असतात. भारताचे पहिले तलजाळे 1909 साली नऊ भरती-ओहोटी केंद्रांच्या सरासरी समुद्रपातळीला जोडून पक्के झाले. त्या नऊंमध्ये मुंबईचे अपोलो बंदर होते. नागपूरच्या झिरो माइलजवळचा 1907 सालचा स्टँडर्ड बेंचमार्क आपण पाहिला असेल; तो या परंपरेतला आहे. परंतु कालवे, रेल्वे, नगरपालिका आणि बांधकाम खाते यांनी या मुख्य खुणांवरून उंची आणून आपापल्या कामापुरत्या असंख्य खुणा कोरल्या. मैलामागे एखाद-दोन फुटांच्या उतारावर पाणी पुढे न्यायचे असेल, तर कालव्यालगत ठिकठिकाणी अशी खूण लागतेच. ती राष्ट्रीय यादीत घालायची तर दोन्ही दिशांनी नेमके तलमापन करून, जाळ्यात समायोजन करून, स्थळवर्णनासह नोंद पाठवावी लागते. पाणी शेतापर्यंत पोचवण्याची जबाबदारी असलेल्या अभियंत्याला त्याची गरज नव्हती. त्याची नोंद लेव्हल बुकात (मोजणीच्या वहीत) आणि नकाशात राहिली.

आणखीही एक कारण आहे. अनेक वर्षे नकाशांची आणि उंचीची माहिती सुरक्षेच्या दृष्टीने जपली जात असे. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे आणि संरक्षणाचे नकाशे वेगळे केले, आणि 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी बरीच बंधने सैल झाली. त्याआधीच्या सगळ्या नोंदी आज संकेतस्थळावर असतील, ही अपेक्षा धरता येत नाही.

उलट बाजूही सांगतो. आम्ही प्रथम यादीतल्याच सर्वांत जवळच्या खुणेकडे गेलो होतो. ती रस्त्याच्या जुन्या पुलावर होती, आणि रुंदीकरणात तो पूलच पाडला गेला आहे. यादीत होता तो दगड जागेवर नव्हता. मग 4.6 किलोमीटरवरील जुन्या विश्रामगृहाच्या जोत्यावरची यादीतली खूण घेऊन तिथून मोरीपर्यंत आणि परत असे 9.2 किलोमीटर तलमापन केले. आठ दिवसांतले तीन दिवस यात गेले. सुरुवातीच्या खुणेवर परतल्यावर तिच्या उंचीत फरक 14 मिलिमीटर आला. अशा कामाला चालणारी मर्यादा किलोमीटरमधल्या अंतराच्या वर्गमुळाला 12 ने गुणून काढतात, म्हणजे या अंतराला सुमारे 36 मिलिमीटर. आम्ही आणलेली मोरीची उंची कालव्याच्या नोंदीपेक्षा 21 मिलिमीटरने वेगळी निघाली. यावरून तो दगड खचलेला नाही असे मी ठरवले, आणि तो निर्णय आजही मला योग्य वाटतो.

अहवालात कालव्याचीच खूण का धरली, असे आपण विचाराल. आपला भूखंड नदीकाठी आहे. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्या नदीवर या दोन्ही रेषांच्या पातळ्या ज्या नोंदींवरून ठरल्या आहेत, त्याच नोंदींतली ही खूण आहे. मोजणीचा आधार एक आणि पूररेषेचा दुसरा असला की घोळ होतो. मुंबईत महापालिकेच्या गटारांच्या पातळ्या दीर्घकाळ टाउन हॉल डेटमवर (शहरापुरत्या वेगळ्या आधार-पातळीवर) लिहिल्या जात आणि समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी असे. दोन्ही आकडे बरोबर, पण एकमेकांत मिसळले की पाणी उलटे वाहील असा नकाशा तयार होतो.

आमची चूक अशी की हे सर्व अहवालात आले नाही. ‘कालवा मोरी, बी.एम.’ एवढीच नोंद आपल्या हाती दिली. तिच्यासोबत छायाचित्र, स्थळवर्णन आणि तपासणीचे पान जोडायला हवे होते. आपल्या जागी मी असतो तर मलाही शंका आली असती. लेव्हल बुकाच्या संबंधित पानांच्या प्रती उद्या आपल्या सोसायटीच्या कार्यालयात पोचवतो.

आपल्या वास्तुविशारदांना घेऊन एखाद्या सकाळी मोरीवर या. ऑटो लेव्हल (पातळी मोजण्याचे यंत्र) आणि स्टाफ आम्ही आणू, वाचन त्यांनी घ्यावे, आणि मोरीपासून आपल्या कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंतची उंची आपल्यासमोर पुन्हा मोजू. त्याचे शुल्क लागणार नाही. शेवटचे दोनशे मीटर कालव्याच्या बांधावरून चालत जावे लागते, वाहन मंदिरापाशी ठेवावे.

आपला नम्र,
मालक, तलमापन व सर्वेक्षण कार्यालय