नळदुर्गचा धबधबा निसर्गाच्या खात्यावर कशाला मांडता?

दोन दिवस बरा पाऊस झाला की सोलापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "नळदुर्ग चालू झालं का बे?" मग कुणीतरी मागच्या वर्षीचा व्हिडिओ आजचा म्हणून टाकतो, त्यावरून भांडणं होतात आणि रविवारी सकाळी सगळं गाव हैदराबाद रोडला लागतं. हौस असणारच. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं त्या शहराला पाणी नुसतं पडताना बघायचंही अप्रूप. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती रील्सवरच्या मजकुराबद्दल. 'निसर्गाचा चमत्कार' काय, 'मराठवाड्यातलं कोकण' काय! अहो, तो बंधारा आहे. नळदुर्गचा किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडणारा, बोरी नदीवर आडवा घातलेला काळ्या दगडाचा बंधारा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. त्याच्या आत बांधलेला पाणीमहाल १६१३ सालचा. नदी भरली की जादा पाणी दोन सांडव्यांवरून खाली कोसळतं, एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. निसर्गाने पाऊस दिला, बाकी सगळं कुणा पाथरवटांचं आणि गवंड्यांचं. त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, आणि वर त्यांचं श्रेय आपण ढगांना देऊन मोकळे होतो.

खरी कमाल त्या बंधाऱ्याच्या पोटात आहे. अंधाऱ्या, अरुंद पायऱ्या उतरून पाणीमहालात गेलं की पाणी चालू असताना कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलता येत नाही. खिडकीबाहेर फेसाळ पांढरा पडदा, तोंडावर तुषार, हात टेकवला तर गार दगड. डोक्यावर नदी, समोर नदी, मधे आपण. राजाला पाणी पडताना बघायचं होतं, तर त्याने थेट पाण्याच्या मागे बसायची सोय करून घेतली! चारशे वर्षांपूर्वीचा हा बंधारा आजही बोरीचा पूर अंगावर घेतो. आपल्याकडे मागच्या वर्षीचा रस्ता यंदाच्या पावसाला टिकत नाही, म्हणून हे जरा जास्तच बोचतं.

अस्सल नैसर्गिक धबधबा हवा असेल तर येडशीजवळच्या रामलिंगला जा. बालाघाटाच्या कुशीत, अभयारण्यातलं महादेवाचं देऊळ आणि शेजारीच पडणारा ओढा. बेसॉल्टचा टणक थर वर तग धरतो, खालचा ठिसूळ थर झिजतो आणि कडा तयार होतो. सह्याद्रीतल्या मोठमोठ्या धबधब्यांची गोष्ट हीच. जखमी जटायूला पाणी मिळावं म्हणून रामाने इथं बाण मारला अशी कथा सांगतात. दुष्काळी मुलखातली माणसं देवाकडूनसुद्धा आधी पाणीच काढून घेतात, हे मला फार आवडतं. तिथं हातातली पिशवी मात्र सांभाळा, माकडं चेकनाक्यापेक्षा कडक आहेत. आणि खूप उंचावरून कोसळणारं पाणीच बघायचं असेल तर कर्नाटकातलं गोकाक आहे, घटप्रभा ५२ मीटरवरून उडी घेते. त्या दोन्हींच्या रांगेत नळदुर्गला बसवायची गरजच नाही. त्याची जात वेगळी.

आणि नैसर्गिक समजून गेल्यामुळं दोन घोटाळे होतात. एक म्हणजे पुण्या-मुंबईचे पाहुणे जुलैतच येऊन थडकतात. सह्याद्रीच्या घाटात तेव्हा धो धो चालू असतं, पण आपला जोरदार पाऊस बहुतेकदा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर येतो. वरचं बोरी धरण भरून सांडलं, की मग इथं खरा रंग चढतो. जुलैत आलेला माणूस कोरडा बंधारा बघतो, "फसवलं" म्हणतो आणि वर्षभर नावं ठेवतो. दुसरा घोटाळा जास्त वाईट. डोंगरातल्या ओढ्याखाली भिजावं तसं पोरं सांडव्याच्या तोंडाशी उतरतात. वरून पाणी कधी वाढेल याची खाली उभ्या असलेल्याला कल्पनाही नसते. ओल्या, शेवाळलेल्या दगडावर एका हातात फोन धरून उभी असलेली पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.

माझं स्पष्ट मत आहे, नळदुर्ग पहिल्यांदा बघायचा तर पाणी बंद असताना बघावा. तेव्हाच चिरे कसे बसवलेत, सांडव्याला उतार कसा दिलाय, महालाची खिडकी नेमकी कुठं काढलीय, हे सगळं उघडं दिसतं. गर्दी नसते, पाणीमहालात निवांत थांबता येतं, किल्ल्यातल्या उंच उपळी बुरुजावर चढून सगळा पसारा नजरेत घेता येतो. येता-जाता अणदूरच्या खंडोबाचं दर्शन होतं. देव तेव्हा नळदुर्गला मुक्कामी नसेल तर, कारण तो दोन्ही गावांत आलटून पालटून राहतो.

हे एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "पाणी नसलेला धबधबा बघायला पेट्रोल कोण जाळणार बे?" त्याला यंदा दिवाळीनंतर बळंच नेणार आहे. पेट्रोल माझं, भाकरी आणि शेंगाचटणी त्याच्या घरची.