‘खुर्चीसकट उचला आणि खाली आणा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

इमारतीत आगीची घंटा वाजली तर चालता न येणाऱ्या माणसाला कसे वाचवावे, हे सांगणारा एक संदेश मोबाईलवर सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा : दोघांनी त्या व्यक्तीला व्हीलचेअरसकट उचलून ताबडतोब जिन्याने खाली आणावे; ते जमत नसेल तर वीज असेपर्यंत लिफ्ट वापरावी; नाकातोंडावर ओला रुमाल बांधला की धूर बाधत नाही; आणि घरात थांबणे म्हणजे मरण ओढवून घेणे. लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर ज्याला वाचवायचे त्याच्याच जिवावर बेतू शकते.

आधी उचलण्याचे पाहू. मोटारवर चालणारी व्हीलचेअर नुसतीच शंभर किलोंहून जड असू शकते, त्यामुळे माणसासह ती दोघांनी जिन्यावरून उतरवणे हा विचारच सोडून द्यावा लागतो. हाताने ढकलायची खुर्ची हलकी असली, तरी तिचे आर्मरेस्ट आणि फूटरेस्ट पुष्कळदा काढता-घालता येणारे असतात, आणि घाईघाईत नेमके तिथेच धरून उचलले की तो भाग निसटून हातात येतो व बसलेला माणूस पायऱ्यांवर कोसळतो. पुढचा वाहक उलट पावलांनी उतरत असल्यामुळे त्याला पायरी दिसत नाही. अरुंद लँडिंगवर खुर्ची वळता वळत नाही, आणि मागून येणारे सगळे तिथेच खोळंबतात. जिन्यासाठी इव्हॅक्युएशन चेअर नावाची वेगळी खुर्ची मिळते, जी खालच्या पट्ट्यांच्या घर्षणामुळे पायऱ्यांवरून आवरत आवरत घसरवता येते. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये 1993च्या बॉम्बस्फोटानंतर अशा खुर्च्या घेतल्या गेल्या होत्या, आणि 11 सप्टेंबर 2001 रोजी उत्तरेकडील मनोऱ्याच्या 69व्या मजल्यावरून हातापायांनी अपंग असलेल्या एका कर्मचाऱ्याला त्याच्या दहा सहकाऱ्यांनी अशाच खुर्चीतून, आळीपाळीने धरत, सुखरूप बाहेर आणले. दोघांच्या ताकदीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हा दहाचा आकडा ध्यानात ठेवावा. शिवाय कुठे धरायचे, पाय अचानक आखडतात का, हे त्या व्यक्तीइतके कोणालाच ठाऊक नसते. तिला न विचारता उचलणे हे मला सर्वांत खटकते.

लिफ्टबाबतचा सल्ला तर थेट घातक आहे. वीज असणे हा येथे निकषच नाही. लिफ्टचा उभा बोगदा धूर वर खेचून घेतो, दारातील प्रकाशकिरणांवर चालणारा सेन्सर दाट धुरामुळे दार मिटूच देत नाही, आणि ती लिफ्ट आगीच्याच मजल्यावर जाऊन उघडण्याचा धोका असतो. आगीच्या वेळी माणसे उतरवण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या, स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या संरक्षित लिफ्ट काही इमारतींत असतात, आणि अग्निशमन दल आपल्या ताब्यातील लिफ्टने लोकांना उतरवू शकते, अपवाद एवढाच.

ओल्या रुमालाने काजळीचे थोडे कण अडतात, पण कार्बन मोनॉक्साइड हा वायू कापडातून सहज आरपार जातो आणि ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो. त्यामुळे रुमालाच्या भरवशावर धुराने भरलेल्या जिन्यात कोणालाही नेऊ नये.

राहिला शेवटचा दावा, आणि तो एका वाक्यात खोडून काढण्यासारखा नाही. आग दुसऱ्या घरात असेल, जिन्यात धूर असेल आणि आपल्या घराचे दार भक्कम असेल, तर दार लावून, फटीत ओली चादर कोंबून, रस्त्याकडच्या खिडकीपाशी थांबणे आणि अग्निशमन दलाला मजला, घर क्रमांक व चालता येत नसल्याचे फोनवर स्पष्ट सांगणे हेच बहुधा अधिक सुरक्षित ठरते. आग आपल्याच घरात असेल तर मात्र बाहेर पडून, आपल्या पाठीमागे घराचे दार ओढून घेऊन, बंदिस्त जिन्याच्या अग्निरोधक दारापलीकडे पोहोचायलाच हवे. पण थांबण्याचा सल्ला इमारतीच्या बांधणीवर अवलंबून असतो, हेही तितकेच खरे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017च्या पहाटे ज्वलनशील बाह्य आवरणामुळे आग सर्वत्र पसरत असताना, पहिला फोन 12.54ला येऊनही, घरातच थांबण्याची सूचना 2.47पर्यंत मागे घेतली गेली नाही. त्या आगीत 72 जण गेले आणि त्यांत अपंग रहिवाशांचे प्रमाण फार मोठे होते.

म्हणूनच थांबायचे की उतरायचे, हे त्या व्यक्तीसोबत बसून, तिचे घर, तिचा जिना आणि दोन्हीकडची दारे पाहून आधीच ठरवावे लागते : दिवसा कोण येणार, रात्री कोण, ते गावाला गेले तर कोण, घराची दुसरी किल्ली कोणाकडे, उतरवण्याची खुर्ची कोणत्या मजल्यावर, आणि ती उघडून माणूस बसवण्याचा सराव कोणी केला आहे. हे लिहून त्याची एक प्रत प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकाकडे ठेवावी, म्हणजे बंब येताच तो अधिकाऱ्यांना घर दाखवू शकेल.