चुंबक आणि कोळशाच्या फिल्टरने जड पाणी मृदू होत नाही

अमेरिकेच्या नैऋत्य भागात आरव्हीने (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीने) फिरायला निघालेल्यांना तिथल्या जड पाण्यावर एक सल्ला हमखास मिळतो: पाण्याच्या नळीला कोळशाचा फिल्टर जोडा, पाइपला चुंबक बांधा, टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेल्या क्षारांची एकूण मात्रा दाखवणाऱ्या उपकरणाने) खात्री करून घ्या आणि मिठाचा सॉफ्टनर (पाणी मृदू करणारे यंत्र) टाळा, कारण त्याने पाणी खारट होते. यातील एकही भाग जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाही.

कोळशाचा फिल्टर क्लोरीनचा वास व चव घालवतो आणि त्यासाठी तो अवश्य वापरावा. परंतु पाण्याला जडपणा आणणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याच्यातून सरळ पार होतात. चुंबकही पाण्यातून काहीच काढून घेत नाही.

टीडीएस मीटरचा गैरसमज अधिक नुकसान करतो, कारण घरच्या आरओमुळे या मीटरवर आपला फार विश्वास बसलेला आहे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतो. त्यामुळे विरघळलेल्या क्षारांची एकूण मात्रा जवळपास तेवढीच राहते, आकडा हलत नाही आणि चांगला चालणारा सॉफ्टनर बिघडला असे समजून लोक तो काढून टाकतात. जडपणा मोजायचा तर त्यासाठीच मिळणाऱ्या चाचणी-पट्ट्या वापराव्यात.

लास व्हेगसचे नळाचे पाणी कोलोरॅडो नदीवरील लेक मीडमधून येते आणि त्याचा जडपणा लिटरमागे सुमारे २८० मिलिग्रॅम असतो. १८०च्या वरचे पाणी अमेरिकेत अतिजड मानतात. ते पिणे धोक्याचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. खरा फटका बसतो तो आरव्हीच्या छोट्या वॉटर हीटरला, कारण पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे न विरघळणारे कार्बोनेट होऊन त्याचा थर आतून चढत जातो.

सोडियमबद्दलच्या शंकेत मात्र तथ्य आहे. एवढे जड पाणी पूर्ण मृदू केल्यास लिटरमागे सुमारे १३० मिलिग्रॅम सोडियम वाढते. त्याने पाणी समुद्रासारखे खारट होत नाही, पण ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे त्यांनी पिण्याचे पाणी सॉफ्टनरच्या आधीच भरून घ्यावे. १६,००० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) क्षमतेचा छोटा सॉफ्टनर अशा पाण्यावर कागदोपत्री सुमारे ३,७०० लिटर चालतो. प्रत्यक्षात त्याआधीच चाचणी-पट्टीने जडपणा दाखवताच साध्या मिठाने तो पुन्हा कार्यक्षम करून घ्यावा.